पीकसंरक्षणाची बंदूक आणि तिच्यावरची दुर्बीण

चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावांतून कपाशी, तूर, हरभरा आणि संत्रा ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांना रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून होणारे नुकसान काही नवीन नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे किंवा मक्याचे वावर नांगरल्यासारखे करून जातो. संत्र्याच्या नवीन कलमांची आळी उकरली गेली की मुळे उघडी पडतात आणि झाड सुकते. तूर शेंगांवर आली की रोही दिवसाढवळ्याही वावरात उभे असतात. म्हणून जागल करणे आले आणि काही घरांतून परवान्याची बंदूकही आली. अशा बंदुकीवर दुर्बीण, म्हणजे दुकानदार जिला ‘स्कोप’ म्हणतात ती, बसवावी काय, कोणती बसवावी आणि ती पक्की कशी करावी, याची माहिती या लेखात देत आहोत.

दोन कागद, दोन कार्यालये

दुर्बिणीकडे वळण्यापूर्वी एक बाब स्पष्ट असावी. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. वन्य प्राण्याची शिकार मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने बंद आहे. त्यातून सूट मिळते ती कलम ११ खाली, उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका झालेल्या प्राण्यापुरती, सक्षम वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. आपले गाव ज्या वनपरिक्षेत्रात येते तेथील अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, परवानगी लेखी घ्यावी आणि तिच्यातील अटी, म्हणजे कोणता प्राणी, कोणते गट नंबर, किती मुदत, कोणाच्या हातून, वाचून पाहाव्यात. मारलेले जनावर ही शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस घरी नेणे हा स्वतंत्र गुन्हा होतो.

बिहारमध्ये २०१५ साली आणि उत्तराखंडात २०१६ साली केंद्र शासनाने ठराविक जिल्ह्यांत, ठराविक मुदतीसाठी रानडुकरांना उपद्रवी घोषित केले होते. अशा बातम्या वाचून तशी मोकळीक आपल्याकडेही आहे असे कोणी समजू नये.

आपल्या हातात कोणती बंदूक आहे?

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर, मंजूर होऊ शकते. म्हणून आपल्या भागातील बहुतेक पीकसंरक्षण परवाने या दोन प्रकारांचेच आढळतील. या बंदुकांना दुर्बीण लागत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. बारा बोअरमधून एलजी किंवा एसजी छऱ्याचे काडतूस उडवले तर तीस-पस्तीस मीटरपुढे छरे पांगतात आणि जनावर मरण्याऐवजी जखमी होऊन पळते. एवढ्या अंतरावर चौपट मोठे दिसून काही साधत नाही. उलट बंदूक जड होते आणि खांद्याला चटकन लागत नाही. हा पैसा आपण ८×४२ किंवा ७×५० ची हातातली दुहेरी दुर्बीण आणि चांगली बॅटरी यांवर खर्च केला तर त्याचे चीज होईल.

खरा प्रश्न आहे तो रायफल असणाऱ्यांचा. काही घरांतून वडिलार्जित परवान्यावर .३१५ बोअरची रायफल आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या शासकीय कारखान्यात ही रायफल अनेक दशके तयार होत आली. तिची मूळ घडण लष्कराच्या जुन्या ली-एनफिल्डची. फौजेची .३०३ ची गोळी सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने ही वेगळी .३१५ ची गोळी ठेवण्यात आली. काहींजवळ त्याहून हलकी आखूड नळीची रायफल असते. वावरातून चार तास फिरायचे तर हलके हत्यार बरे वाटते, पण दुर्बीण बसवताना हाच हलकेपणा आडवा येतो.

हलक्या रायफलीचा धक्का

गोळी तीच, दारू तीच, पण रायफल चार किलोऐवजी तीन किलोची असेल तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. हा धक्का खांद्याबरोबरच वर बसवलेल्या दुर्बिणीलाही बसतो. दुर्बीण आहे तेथेच राहू पाहते, रायफल मागे जाते आणि या ओढाताणीचा सगळा भार चार-सहा बारीक स्क्रूंवर येतो. दुर्बीण जितकी जड तितका हा भार अधिक. म्हणून हलक्या रायफलीवर मोठ्या काचेची, लांबलचक, पाऊण किलोची दुर्बीण बसवणे म्हणजे दोन वर्षांच्या गोऱ्ह्यावर भरल्या बंडीचे जू ठेवण्यासारखे आहे. दुर्बीण आणि कड्या मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत ठेवावे.

दुसरी बाब डोळ्याची. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा ज्या अंतरावर धरला असता पूर्ण गोल दिसतो, ते अंतर निदान नऊ सेंटीमीटर असावे. स्वस्त दुर्बिणीत ते सात सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी असते. मचाणावर मांडी घालून पुढे वाकून नेम धरताना चेहरा नकळत पुढे सरकतो आणि बार होताच दुर्बिणीची कड भुवईत घुसते. दुकानात उभे राहून पाहताना हे कळत नाही. खरेदी करताना खाली बसून, रायफल खांद्याला लावून पाहावे.

४×३२ म्हणजे काय?

दुर्बिणीवरचा पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो, आणि दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. ४×३२ मध्ये तो ८ मिलिमीटर. पन्नाशीच्या माणसाची बाहुली अंधारात साधारण पाच मिलिमीटर उघडते. म्हणजे ४×३२ तिला पुरून उरते. ३–९×४० ही दुर्बीण नऊ पटीवर ठेवली तर झोत साडेचार मिलिमीटरच्याही आत येतो आणि चित्र काळवंडते. जास्त पट म्हणजे जास्त चांगले, हा दुकानातला समज संध्याकाळी वावरात खोटा ठरतो.

नऊ पटीवर शंभर मीटरवरचा फार तर चार-साडेचार मीटर रुंदीचा भाग दिसतो. तीस मीटरवर तो सव्वा-दीड मीटरच उरतो. मोठ्या रानडुकराची लांबी तेवढीच असते. म्हणजे दुर्बिणीत फक्त डुक्कर दिसेल. त्याच्या शेजारी कोण उभे आहे, मागे कोणाची झोपडी आहे, हे दिसणार नाही. चार पटीवर याच्या दुपटीहून अधिक रुंद दिसते. आपल्या वावरांतील अंतरे पाहता एकाच पटीची ४×३२, किंवा बदलत्या पटीची हवीच असेल तर १.५–५ अथवा २–७ पटीची लहान दुर्बीण पुरेशी आहे. बदलत्या पटीची दुर्बीण नेहमी सर्वांत कमी पटीवर ठेवून जागलीला जावे.

ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना दुर्बिणीचा एक खरा फायदा आहे, तोही सांगितला पाहिजे. उघड्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि जनावर या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात. चाळिशीच्या डोळ्याला जवळची खाच अंधूकच दिसते. दुर्बिणीत फुलीची रेघ आणि जनावर एकाच पातळीवर दिसतात. लाल ठिपक्याच्या, पट नसलेल्या नेमसाधनातही हा फायदा मिळतो आणि त्यात डोळ्याच्या अंतराची अडचण येत नाही. तीस-चाळीस मीटरसाठी ते वाईट नाही, फक्त सेल संपले की ते निकामी होते.

काळोख्या रात्री मात्र साध्या दुर्बिणीने काहीही दिसत नाही. ती प्रकाश निर्माण करत नाही, असेल तो डोळ्यापर्यंत पोचवते. टिपूर चांदण्यात किंवा तांबडे फुटताना तिचा उपयोग होतो, अवसेच्या रात्री नाही. रात्री दिसणारी यंत्रे विकणारे पुष्कळ भेटतील. अशी वस्तू, किंबहुना साधी दुर्बीणसुद्धा, घेण्यापूर्वी परवाना शाखेत लेखी विचारणा करून उत्तर हाती ठेवावे. बॅटरीचा उपयोग करायचा तर तोही वन विभागाच्या परवानगीतील अटींत बसतो काय ते पाहावे.

बैठक आणि कड्या

दुर्बिणीवर पैसा खर्चून कड्या मिळेल त्या घेणारे बरेच आढळतात. हे उलटे आहे. नेम चुकण्याचे कारण बहुधा काचेत नसते, ते ढिल्या बैठकीत असते.

रायफलीच्या माथ्यावर पक्की होते ती बैठक, आणि तिच्यावर दुर्बिणीला धरून ठेवतात त्या दोन कड्या. कड्यांचा व्यास दुर्बिणीच्या नळीशी तंतोतंत जुळला पाहिजे. नळ्या बहुधा दोन मापांच्या असतात, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर. मोठ्या कडीत कागद किंवा रबर घालून लहान नळी बसवू नये. .२२ च्या हलक्या रायफली आणि छर्‍याच्या हवाई बंदुका यांवर अकरा मिलिमीटरच्या आसपासची तिरकस कडांची खाच असते. तिच्यासाठी बनवलेल्या चिमटीच्या कड्या मोठ्या बोअरच्या धक्क्याला टिकत नाहीत, मागे सरकतात. मोठ्या बोअरला आडव्या खाचा असलेली पट्टी आणि त्या खाचेत अडकणारा आडवा खिळा असलेली कडी लागते. धक्का स्क्रूंनी नव्हे, या खिळ्याने झेलला पाहिजे.

जुन्या .३१५ रायफलीचा माथा सपाट नसतो. पुढे गोल, मध्ये उघडा आणि मागे उंचवटा. बहुतेकांवर बैठकीसाठी छिद्रे पाडलेली नसतात. अशा वेळी ‘आपल्या लेथवाल्याकडून दोन आटे पाडून घेऊ’ हा विचार मनातून काढून टाकावा. एकतर हत्याराची दुरुस्ती व फेरफार करायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो आणि परवाना नसलेल्याकडून ते काम करून घेतल्यास दोघेही अडचणीत येतात. दुसरे असे की गोळीच्या खोलीवरचा पोलादाचा भाग चुकीच्या जागी भोकला गेला तर बार होताना चेहऱ्यासमोर रायफल फुटू शकते. परवानाधारक बंदूक कारागीर ‘या रायफलीवर दुर्बीण नको’ म्हणाला तर ते मानावे.

उंची शक्य तितकी कमी ठेवावी. पुढची काच नळीला टेकू नये आणि बोल्टचा दांडा वर उचलताना दुर्बिणीला अडू नये, एवढीच जागा सोडावी. दुर्बीण उंच बसली की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि हनुवटी टेकवून धरलेला नेम कधीच सारखा येत नाही. जुन्या .३१५ वर हे टाळता येत नसेल तर दस्त्यावर चामड्याची गादी बांधून घ्यावी. उघडा नेमही दिसावा म्हणून खाली पोकळी ठेवलेल्या उंच कड्या मिळतात, त्या घेऊ नयेत.

बसवताना छिद्रे व स्क्रू पेट्रोलने पुसून कोरडे करावेत. तेलकट स्क्रू धक्क्याने फिरतो. बैठकीच्या स्क्रूंना आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा एक-एक थेंब द्यावा. कड्यांचे स्क्रू एकदम न आवळता बैलगाडीच्या धावेसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. किती जोर लावायचा हे कड्यांच्या माहितीपत्रकात दिलेले असते, त्याहून अधिक लावल्यास दुर्बिणीची नळी चेपते. फुलीची उभी रेघ सरळ आहे काय हे पाहण्यासाठी वीस-पंचवीस मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगावा आणि रेघ त्याच्या दोरीशी जुळवावी. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावरून कडीपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असे समजावे.

दुर्बीण बसली की आणखी एक बदल होतो. वरून गोळीची खोली पूर्वीसारखी दिसत नाही. रायफल रिकामी आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून, करंगळी आत घालून चाचपून पाहावे. घरात मुले असल्यास ही सवय फार मोलाची आहे.

गोळी न झाडता करायची परीक्षा

बाजारात नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली दुर्बिणी पुष्कळ आहेत. त्यांची परीक्षा घरी करता येते. रिकाम्या रायफलीचा बोल्ट काढून ती मातीने भरलेल्या पोत्यांमध्ये घट्ट बसवावी. पंचवीस मीटरवर भिंतीला एक-एक सेंटीमीटरचे ठळक चौकोन आखलेला कागद लावावा. दुर्बिणीवरच्या उंचीच्या बटनाला बहुधा एका टिचकीला पाव मिनिट कोन असे माप असते. शंभर मीटरवर ते सुमारे सात मिलिमीटर होते. चाळीस टिचक्या फिरवल्या की पंचवीस मीटरवर फुली सात चौकोनांहून थोडी अधिक सरकली पाहिजे आणि तितक्याच उलट फिरवल्यावर जागेवर परत आली पाहिजे. परत आली नाही तर दुर्बीण दुकानदाराला परत करावी. पट बदलताना फुली जागची हलली, तरीही तेच करावे. मग रायफलीला हात न लावता डोके थोडे डावी-उजवीकडे हलवून पाहावे. फुली चौकोनावरून थोडी सरकणारच, पण फार पोहू लागली तर जवळच्या अंतरावर तिचा भरवसा नाही.

बोल्ट काढलेला असतानाच नळीतून पाहून कागदावरची खूण मध्यभागी आणावी आणि बटने फिरवून फुली त्याच खुणेवर आणावी. एवढ्याने नेम जवळपास लागतो. पुढची जुळणी प्रत्यक्ष गोळीनेच होते आणि ती वावरात करू नये. जिल्ह्याच्या रायफल संघटनेमार्फत मान्यताप्राप्त चांदमारीवर करावी. पन्नास मीटरला नेम जुळवलेला ठेवणे आपल्याकडे सोयीचे. दुर्बीण नळीपेक्षा चार सेंटीमीटर वर असते, म्हणून पंधरा मीटरवर गोळी फुलीच्या सुमारे तीन सेंटीमीटर खाली लागेल, हे ध्यानात असू द्यावे. काडतुसाचा प्रकार बदलला की पुन्हा जुळणी करावी.

गोळी कोठे थांबणार?

छऱ्याचे आणि रायफलीचे हे सर्वांत मोठे अंतर आहे. रायफलीची गोळी मैल-दोन मैल सहज जाते. पूर्णेच्या खोऱ्यातले सपाट रान, कमरेएवढी कपाशी, डोक्यावर गेलेली तूर आणि प्रत्येक धुऱ्यापलीकडे कोणीतरी आपल्यासारखाच जागल करणारा माणूस. अशा जागी जमिनीवर उभे राहून आडवी गोळी झाडणे हे जनावरापेक्षा माणसाला अधिक धोक्याचे आहे.

साधा हिशेब पाहा. उभ्या माणसाच्या हातातील नळी जमिनीपासून दीड मीटरवर आणि चाळीस मीटरवरच्या डुकराच्या छातीची उंची चाळीस सेंटीमीटर धरली, तर चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी त्याच्या मागे चौदा-पंधरा मीटरवर जमिनीला घासते आणि इतक्या तिरप्या कोनात दगडावरून उसळून पुढे जाऊ शकते. तीच नळी मचाणावर चार मीटर उंचीवर असेल तर गोळी डुकराच्या मागे साडेचार मीटरच्या आत जमिनीत शिरते. म्हणून रायफल वापरायची तर मचाणावरूनच, आणि मागे बांध, नाल्याचा काठ किंवा नांगरलेली मऊ जमीन असेल त्याच दिशेला. कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही हे दिवसा उजेडी मचाणावर बसून ठरवावे आणि त्या बाजूला दोरी बांधून ठेवावी. शेजारच्या शेतकऱ्यांना त्या रात्रीची कल्पना द्यावी.

‘तिकडे काय हलते’ हे पाहण्यासाठी रायफलीवरची दुर्बीण कधीही वापरू नये. तसे करणे म्हणजे ओळख पटण्याआधी त्या वस्तूवर भरलेली नळी रोखणे होय, आणि ती वस्तू शेजाऱ्याचे वगारही असू शकते. सातपुड्यालगत अस्वलही येते. ते पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून काळोखात काळ्या डुकरासारखेच दिसते. ओळख हातातल्या दुर्बिणीने पटवावी आणि मग रायफल उचलावी.

देखभाल

पावसाळ्यात काचेच्या आतून धुके धरले तर दुर्बिणीतील वायू निघून गेला आहे. ती उघडून पुसण्याचा प्रयत्न करू नये. उन्हाळ्यात टिनाच्या कोठ्यात किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ती ठेवू नये. काचेवरची धूळ धोतराच्या सोग्याने किंवा दुपट्ट्याने पुसल्यास बारीक ओरखडे पडतात. आधी मऊ कुंचल्याने झटकून मग स्वच्छ सुती कापडाने पुसावी. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागल्यास दुर्बिणीला टोप्या घालून द्यावी आणि परत मिळाल्यावर नेलपॉलिशच्या रेघा तपासून, नेम पुन्हा पाहूनच वापरावी.

जनावर जखमी होऊन तुरीत शिरले तर त्याच्यामागे रात्री जाऊ नये. जखमी सुळेवाला डुक्कर सरळ अंगावर येतो. उजाडेपर्यंत थांबून वनरक्षकाला कळवावे. कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार अजूनही घडतात. त्यात माणसे आणि गुरे मेली आहेत आणि असे करणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आहेत, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. बंदूक असो वा नसो, नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, सातबारा जोडावा, अर्जाची पोच घ्यावी आणि पंचनामा होईपर्यंत उकरलेले वावर तसेच ठेवावे.